मोटारीच्या कॉईलचा ताप

नागपूरहून उमरेड-भिवापूरच्या रस्त्यानें नागभीडकडे निघालेल्या जुन्या पेट्रोल मोटारीची एक ठराविक व्यथा जाणत्या मिस्त्र्यांच्या चांगल्या परिचयाची असते. वैशाखाचे दिवस असतात. सकाळीं गाडी एका दमांत सुरू होते. पहिले पंधरा-वीस मैल कांहीं कुरकूर न करतां जाते. मग एखाद्या चढावर इंजिन अडखळूं लागतें, दोन-चार आचके देतें आणि बंद पडतें. बॉनेट उघडून इग्निशन कॉईलला हात लावावा, तों चटका बसतो. झाडाखालीं अर्धा तास काढला, कॉईलवर ओलें फडकें टाकलें, कीं गाडी जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुन्हा चालूं लागते. आणि दहा मैलांवर पुन्हा तोच प्रकार. येथें बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो : कॉईल तापली, अर्थात् कॉईल बिघडली, ती काढून नवी बसवावी. नवी बसते, आणि थोड्याच दिवसांत तीहि तापूं लागते.

हा निष्कर्ष नेहमींच खोटा असतो असें नाहीं. परंतु पुष्कळ वेळां तो चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याच्या जातीचा असतो. ज्वर आलेल्या माणसाच्या कपाळावर घडी ठेवल्यानें त्याला बरें वाटतें, पण ज्वराचें कारण कपाळांत नसतें. तसेंच कांहींसें येथें आहे. कॉईलचें तापणें म्हणजे काय, तें केव्हां स्वाभाविक व केव्हां घातक, आणि त्याचा उगम कोठें शोधावा, या प्रश्नांचीं उत्तरें कॉईलच्या इतिहासांत सांपडतात. कारण तापणें हा या वस्तूचा जन्मजात धर्म आहे. आणि जवळजवळ दोनशे वर्षांत तिच्यांत जे फेरबदल झाले, त्यांतील पुष्कळसे त्या तापाला आवर घालण्यासाठींच झालेले आहेत.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या जन्माआधीं अर्धें शतक होतो. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं लंडन येथें असें दाखवून दिलें कीं, एका तारेंतील विद्युत्प्रवाह सुरू होतांना किंवा तुटतांना शेजारच्या तारेंतहि क्षणमात्र प्रवाह उत्पन्न होतो. पहिल्या तारेंतील प्रवाह एकसारखा वाहत असेल तोंवर दुसरी तार निश्चल असते. त्यांत बदल झाला कीं तिला जाग येते. पांच वर्षांनीं, १८३६ मध्यें, आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारे पाद्री निकोलस कॅलन यांनीं लोखंडाच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे गुंडाळले. जाड तारेंतील प्रवाह झटक्यानें तोडतांच बारीक तारेच्या टोंकांशीं असा प्रचंड विद्युद्दाब उत्पन्न झाला कीं, मूळ बॅटरीच्या शक्तीवरून त्याची कल्पनाहि येऊं नये. आजच्या इग्निशन कॉईलची हीच मूळ आई.

या साधनाला व्यवहारोपयोगी रूप पॅरिसमध्यें स्थायिक झालेले जर्मन कारागीर हाइनरिख रूमकोर्फ यांनीं १८५१ च्या सुमारास दिलें. बारीक तारेच्या थराथरांमध्यें चांगलें विद्युद्रोधक वेष्टन घालून त्यांनीं लांब ठिणगी पाडून दाखविली. आणि १८६४ सालीं फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन यानें ठेवलेलें ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक त्यांना मिळालें. मध्यंतरीं १८५३ मध्यें फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें प्रवाह तोडणाऱ्या सांध्यावर एक कंडेन्सर जोडण्याची युक्ति सुचविली. सांधा उघडतांना तेथेंच चमकून वायां जाणारी शक्ति त्यामुळें वांचली आणि प्रवाह अधिक झटक्यानें तुटूं लागला. मोटारीच्या डिस्ट्रिब्यूटरला चिकटलेली बोटाएवढी कंडेन्सरची डबी ती त्याच युक्तीची वंशज होय. नभोवाणीचे कुलवृत्तहि याच वेटोळ्याशीं जुळलेलें आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १८८७-८८ मध्यें हर्ट्झ यांनीं विद्युल्लहरी निर्माण केल्या त्या रूमकोर्फच्या वेटोळ्याच्या ठिणगींतून. जगदीशचंद्र बसू व मार्कोनी यांचे आरंभींचे प्रयोगहि ठिणगीच्याच बळावर झाले. जुनी मोटार दारावरून जातांना घरांतल्या रेडिओवर जी खरखर ऐकूं येते, ती म्हणजे त्या थोरल्या भावंडाची हांकच म्हणावयाची.

आतां तापाचा प्रश्न. जेम्स जूल या इंग्रज संशोधकानें १८४१ मध्यें विद्युत्प्रवाहानें तारेंत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा नियम प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. हा एक नियम ज्यानें मनांत पक्का ठसविला, त्याला कॉईलच्या रोगाचें अर्धें निदान साधलें असें समजावें. मोटारीच्या कॉईलमध्यें आंतील जाड तारेचे कांहीं शेंकडा वेढे असतात आणि बारीक तारेचे वीस हजारांच्या आसपास. बॅटरीचा प्रवाह जाड तारेंतून वाहून लोखंडी गाभ्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उभें करतो; डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतांच तें क्षेत्र कोसळतें, बारीक तारेंत पंधरा-वीस हजार व्होल्टांचा दाब चढतो आणि प्लगाच्या फटींत ठिणगी पडते. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर अशा ठिणग्या सेकंदाला १०० पडतात. पॉइंट मिटलेले असतात तेवढ्या काळांत जाड तार तापत राहते. आणि चार सिलिंडरांच्या इंजिनांत ते एकंदर काळाच्या सुमारें दोन-तृतीयांश मिटलेले असतात. म्हणजे ठिणगी ही कॉईलची मिळकत, आणि उष्णता हा त्यासाठीं तिनें भरावयाचा कर. हा कर कधींच माफ होत नाहीं.

मोटारीच्या आधींच ही ठिणगी इंजिनांत शिरली होती. १८६० मध्यें एत्येन लन्वार यांनीं पॅरिसमध्यें बनविलेल्या गॅस इंजिनांत रूमकोर्फचेंच वेटोळें बसविलेलें होतें. कार्ल बेन्झ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी मोटारीसाठीं पेटंट मागितलें, तिच्यांतहि बॅटरी व वेटोळें यांचाच उपयोग केलेला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बर्टा बेन्झ दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानतात. अंतर १०० किलोमीटरच्या थोडें वर, म्हणजे जवळपास नागपूर-नागभीडएवढें. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनीं टोपीच्या पिनेनें मोकळी केली, आणि ठिणगीच्या तारेचें वेष्टन झिजलें तेथें मोज्याचा पट्टा गुंडाळून काम भागविलें, असें सांगतात. या कथेंत एक मोठी शिकवण आहे. वाटेंत थांबलेल्या पेट्रोल गाडीपुढें त्या दिवसापासून दोनच मुख्य प्रश्न उभे राहिले : इंधन पोंचत नाहीं कीं ठिणगी पडत नाहीं? जो या दोहोंचा निवाडा न करतां हत्यार उचलतो, त्याचा दिवस फुकट जातो.

त्यापुढील वीस-पंचवीस वर्षें कॉईलला प्रतिस्पर्धी होता तो मॅग्नेटो. बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड यांनीं १९०२ मध्यें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्याला बॅटरीची गरज नव्हती. म्हणून बॅटऱ्या दुबळ्या होत्या तोंवर त्याचें वर्चस्व राहिलें. १९०८ मध्यें बाजारांत आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत दोहोंचा संकर होता. इंजिनाच्या चक्रावर मॅग्नेटो, आणि चालकासमोर लांकडी पेटींत दर सिलिंडरास एक अशा चार कॉईली. त्यांवरील लोखंडी पट्टी थरथरून एकामागून एक ठिणग्या पाडीत असे. या कॉईलींचें अंतरंग डांबरासारख्या द्रव्यांत बसविलेलें असे. हें द्रव्य दमटपणा बाहेर ठेवी, पण उष्णता आंतच कोंडी, आणि फार तापलें कीं पातळ होऊन पाझरूं लागे.

हा सारा पसारा एका कॉईलवर आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांच्याकडे जातें. त्यांच्या डेल्को कंपनीची बॅटरी-कॉईल पद्धति १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर आली. एक कॉईल, एक पॉइंटांची जोडी, आणि ठिणगी वांटून देणारा डिस्ट्रिब्यूटर. पुढें साठ-सत्तर वर्षें जगांतील बहुतेक पेट्रोल गाड्या याच आराखड्यावर चालल्या. परंतु या सोईबरोबर एक नवें संकट आलें. इंजिन बंद, पॉइंट मिटलेले आणि चावी मात्र चालूच राहिलेली, अशा स्थितींत कॉईलमधून अखंड प्रवाह वाहतो. मॅग्नेटोंत हा धोका नव्हता, कारण इंजिन थांबलें कीं तोहि थांबे. बॅटरीला मात्र इंजिन थांबल्याचें कळत नाहीं. म्हणून डेल्कोच्या त्या काळच्या मांडणींत कॉईलच्या मार्गांत एक लहानसा अवरोध घालीत. प्रवाह फार वेळ वाहिला कीं तो स्वतः तापे, तापल्यानें त्याचा अवरोध वाढे, आणि त्यामुळें कॉईलकडे जाणारा प्रवाह आपोआप घटे. घरांतल्या कर्त्या माणसानें स्वतः झळ सोसून लेंकरांना वांचवावें, त्यांतलाच हा प्रकार. या अवरोधाचा विसर पडणें हेंच पुढें कित्येक कॉईलींच्या मृत्यूचें कारण झालें आहे.

हिंदुस्थानांत या पद्धतीच्या गाड्यांची संख्या वाढली ती मुंबईमुळें. १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें शिवडी येथें जोडणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोले गाड्या येथेंच जोडल्या जाऊं लागल्या. पाठोपाठ फोर्डचीहि जोडणी मुंबईंत सुरू झाली. १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि १९४७ पासून कुर्ल्यास तिच्या गाड्या तयार होऊं लागल्या. महायुद्धानंतर महिंद्र यांनीं विलीज जीपची जोडणी मुंबईंतच आरंभिली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धांवली. मोटारीची अशी आवक पश्चिम किनाऱ्यावर होत होती. तिची खरी परीक्षा मात्र पूर्वेकडील रानांत व्हावयाची होती.

नागभीड हें त्या रानाचें एक दार आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बंगाल-नागपूर रेल्वेनें या भागांत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारा मार्ग व नागपूरहून येणारा मार्ग यांचा संगम नागभीड येथें झाला. परंतु आरमोरी, गडचिरोली, चिमूर यांसारखीं गांवें रुळांपासून दूर राहिलीं. तेथें जावयाचें तर बैलगाडी, आणि पुढें मोटार. धुळीचा रस्ता, ओढ्यानाल्यांचे उतार-चढ, खालच्या गिअरमध्यें मंद गतीनें करावा लागणारा प्रवास आणि वरून विदर्भाचें ऊन. शेजारच्या ब्रह्मपुरीचें नांव देशांतील अतिउष्ण ठिकाणांच्या यादींत वरचेवर येतें; नागपूर येथें मे २०१३ मध्यें ४७.९ अंश सेल्सियस तपमानाची नोंद झाली. कॉईलच्या दृष्टीनें याचा अर्थ गंभीर आहे. ती आपली उष्णता भोंवतालच्या हवेला देऊन थंड राहते. हवाच तापलेली असेल तर तिनें ती द्यावी कोणाला? समजा, एखादी कॉईल भोंवतालच्या हवेपेक्षां ४० अंशांनीं अधिक तापते. इंग्लंडांतील २० अंशांच्या हवेंत ती ६० वर थांबेल. नागभीडच्या ४६ अंशांत तीच ८६ वर जाईल. आणि इंजिनाला टेकून बसविलेली असेल तर त्याहूनहि वर. कॉईल तीच, दोष कांहीं नाहीं. पण तिच्या सहनशक्तींतील शिल्लक मात्र संपत आलेली असते.

युद्धकाळांत, १९४१ नंतर, पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां देशांत ठिकठिकाणीं मोटारी लांकडी कोळशाच्या वायूवर चालविण्यांत आल्या. त्यांनाहि ठिणगी लागेच; उलट हा वायु सावकाश जळत असल्यानें ती नेहमींपेक्षां थोडी आधीं पाडावी लागे. पुढें बस व मालमोटारी डिझेलवर गेल्या. डिझेल इंजिनांत हवा दाबूनच इंधन पेटतें. ठिणगी नको, म्हणून कॉईलहि नको. जंगलच्या रस्त्यांवर मग कॉईल उरली ती जीपा व खाजगी मोटारींपुरती. शहरांत मात्र प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांतून ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली.

हा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला म्हणजे रस्त्यांत थांबलेल्या गाडीचें निदान कोड्यासारखें वाटेनासें होतें. पहिली गोष्ट अशी कीं, हाताला चटका बसणें हा पुरावा नव्हे. निरोगी कॉईलहि विदर्भाच्या उन्हांत हात ठेववणार नाहीं इतकी तापते. दुसरी गोष्ट अशी कीं, अर्धा तास थांबल्यावर गाडी सुरू होणें हाहि पुरावा नव्हे. त्या अर्ध्या तासांत कॉईल जशी थंड होते, तशी पेट्रोलची नळी व पंपहि थंड होतात. तीव्र उन्हांत नळींतल्या पेट्रोलचीच वाफ होऊन मार्ग कोंडतो, आणि त्याचीं लक्षणें हुबेहूब कॉईलच्या दुखण्यासारखीं दिसतात. अशा वेळीं कॉईलवर ओलें फडकें घालीत बसणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

म्हणून गाडी थांबतांच, ती गरम असतांनाच, ठिणगी पाहावी. कॉईलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी जाड तार काढून तिच्या टोंकाला एक सुटा प्लग लावावा, प्लगाचें धातूचें अंग इंजिनाला नीट टेकवून ठेवावें आणि इंजिन फिरवावें. तार उघड्या हातांत धरूं नये. जवळ पेट्रोल सांडलेलें किंवा त्याचा वास येत असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये. ठिणगी निळसर, भरदार व तड्तड् आवाज करणारी असेल, तर कॉईल निर्दोष आहे. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण व पुढील तारा एकवार पाहून पेट्रोलच्या मार्गाकडे वळावें. ठिणगी बारीक, तांबूस किंवा अजिबात नसेल, तरच ठिणगीच्या मार्गाची चौकशी सुरू करावी. आणि तीहि कॉईलपासून नव्हे, तर तिला प्रवाह पुरविणाऱ्यांपासून.

पहिला संशय चावीवर घ्यावा. गाडी उभी करून, चावी चालू ठेवून कोणी पंधरा-वीस मिनिटें दिवे तपासीत किंवा गप्पा मारीत बसला होता काय? १२ व्होल्टांच्या बॅटरीवर ३ ओहम अवरोधाच्या कॉईलमधून पॉइंट मिटलेले असतां ४ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे ४८ वॅट उष्णता त्या मुठीएवढ्या डब्यांत सतत निर्माण होते. एकदां असें भाजून निघालेल्या कॉईलचें आंतलें वेष्टन कमजोर होतें, आणि त्याचें प्रायश्चित्त पुढच्या उन्हाळ्यांत भोगावें लागतें.

दुसरा संशय विद्युद्दाबावर, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतींत हा सर्वांत महत्त्वाचा. युद्धकाळांतील जीपा आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक अमेरिकन मोटारी ६ व्होल्टांवर चालत. त्यांची बॅटरी आतां सहज मिळत नाहीं, म्हणून कित्येक मालक गाडी १२ व्होल्टांवर नेतात. दिवे बदलतात, पण कॉईल जुनीच ठेवतात. ६ व्होल्टांच्या कॉईलचा अवरोध १.५ ओहम धरला, तर मूळ स्थितींत तिच्यांतून ४ अँपिअर वाहून २४ वॅट उष्णता होई. १२ व्होल्टांवर तिच्यांतून ८ अँपिअर वाहतात आणि उष्णता होते ९६ वॅट. दाब दुप्पट, ताप चौपट. जूल यांचा नियम येथें हिशेब चुकता करून घेतो. यावर उपाय कॉईलच्या मार्गांत १.५ ओहमाचा जादा अवरोध घालणें. म्हणजे प्रवाह पुन्हा ४ अँपिअरवर येतो आणि कॉईलच्या वांट्यास पूर्वींचेच २४ वॅट राहतात. पुढील काळांतील कित्येक १२ व्होल्टी गाड्यांत कारखान्यानेंच असा अवरोध दिलेला असतो. एखाद्या उत्साही माणसानें ठिणगी जोरदार व्हावी म्हणून तो कधीं काळीं काढून टाकलेला असतो, आणि त्याची फळें नंतरचा मालक भोगीत असतो. अलीकडे बाजारांत मिळणाऱ्या कित्येक कॉईली तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठीं मुद्दाम कमी अवरोधाच्या केलेल्या असतात. अशी कॉईल पॉइंटांच्या जुन्या गाडीवर बसविली तर ती स्वतः तापते आणि पॉइंटहि जाळते. डबा बाहेरून सारखाच दिसतो. फरक असतो तो आंतल्या तारेंत.

म्हणून कॉईल थंड असतांना, तिच्या दोन्ही तारा सोडवून, लहान टोंकांमधील अवरोध मोजावा. जादा अवरोध नसलेल्या १२ व्होल्टी गाडीसाठीं तो ३ ओहमांच्या आसपास व अवरोध असलेल्या गाडीसाठीं १.५ च्या आसपास असावा. मापक हलक्या प्रतीचा असल्यास त्याच्या सळयांचा स्वतःचा अवरोध वजा करावा. दीड आणि तीन यांत फार अंतर नसतें. गरम कॉईलचा अवरोध थोडा अधिक भरतो, कारण तांब्याचा अवरोध दर अंशास सुमारें ०.४ टक्क्यानें वाढतो. तेवढ्यावरून ती बिघडली असें म्हणूं नये. त्यानंतर इंजिन वेगानें चालवून बॅटरीवरील दाब पाहावा. १२ व्होल्टी गाडींत तो १४ च्या आसपास असावा. १५-१६ वर जात असेल तर डायनॅमोचा रेग्युलेटर दोषी आहे. तो कॉईलला जसा भाजतो, तसा बॅटरीचें पाणीहि आटवितो. बॅटरींत वरचेवर पाणी घालावें लागत असेल, तर तीहि साक्षच समजावी.

तिसरा संशय पॉइंटांवर. त्यांची फट कमी झाली, तर ते अधिक काळ मिटलेले राहतात, प्रवाह अधिक काळ वाहतो आणि कॉईल अधिक तापते. फट गाडीच्या माहितीपुस्तकाप्रमाणें, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आंत-बाहेर, लावून घ्यावी. पॉइंट काळे पडले किंवा त्यांवर खड्डा-उंचवटा आला असेल, तर फिझो यांच्या त्या डबीकडे, म्हणजे कंडेन्सरकडे, पाहावें. तो निकामी झाला कीं प्रवाह झटक्यानें तुटत नाहीं, ठिणगी दुबळी होते आणि तेवढ्यानेंच लोक कॉईलला दोष देऊं लागतात.

येथवर सर्व कांहीं निर्दोष ठरलें, तरच खुद्द कॉईलकडे वळावें. डांबर भरलेल्या कॉईलीनंतर तेल भरलेल्या कॉईली आल्या. तेल आंतल्या आंत फिरून उष्णता डब्याच्या अंगापर्यंत पोंचवितें. डब्याच्या सांध्यापाशीं तेल पाझरलेलें दिसलें, वरचें झांकण तडकलेलें असलें, अथवा आंतील वेढे एकमेकांस टेकून अवरोध नियमापेक्षां फारच कमी भरला, तर ती कॉईल खरोखरीच संपली. नवी घेतांना व्होल्ट व अवरोध हीं दोन्ही पाहून घ्यावी, आणि शक्य असेल तर ती इंजिनाच्या अंगावरून काढून वारा लागेल अशा धातूच्या भिंतीवर घट्ट बसवावी. नागभीडच्या उन्हांत चार इंचांचें हें स्थलांतर ओल्या फडक्याच्या कित्येक घड्यांपेक्षां अधिक उपकारक ठरतें.

आज या प्रश्नाला एक वेगळें महत्त्व आलें आहे. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या खाजगी दुचाकी-चारचाकी वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली. जुनी मोटार ही एक ऐतिहासिक वस्तु आहे, हें त्यामुळें कायद्यानेंहि मान्य झालें. परंतु तिच्यासोबत ती जाणणारे हात टिकले नाहींत, तर ही मान्यता कागदावरच राहील. कारणें न शोधतां सुटे भाग बदलीत गेल्यास गाडी चालते, पण दर दुरुस्तींत तिच्या इतिहासाचें एक पान फाडलें जातें. आणि ताप तर राहतोच.

नव्या मोटारींत पॉइंट नाहींत, कंडेन्सर नाहीं. प्रवाह किती काळ वाहूं द्यावयाचा हें इलेक्ट्रॉनिक यंत्रणा क्षणोक्षणीं ठरविते, आणि कित्येक गाड्यांत तर प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल असते. म्हणजे शंभर वर्षांनीं मोटार पुन्हा फोर्डच्या त्या लांकडी पेटींतील चार कॉईलींच्या विचारापाशीं येऊन पोंचली. नागपूर-नागभीडची अरुंद रुळांची आगगाडीहि २०१९ च्या नोव्हेंबरांत रुंदीकरणासाठीं थांबली. साधनें बदलतात, पण तारेंतून प्रवाह वाहिला कीं ती तापणार, हा नियम बदलत नाहीं. म्हणून रस्त्याच्या कडेला, पळसाच्या विरळ सावलींत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसानें कॉईलला शिक्षा देण्याआधीं तिची साक्ष घ्यावी. तिचा ताप बहुधा दुसऱ्याच कोणाचा तरी अपराध सांगत असतो.